कचऱ्याचा निधी शेडपाशी का थांबतो?

दोन हजार वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी किती सरकारी पैसे मिळू शकतात? ग्रामीण स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात, पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावासाठी माणशी 60 रुपये असा दर ठरला. म्हणजे 1 लाख 20 हजार, तेही एकदाच. त्यातले 36 हजार, म्हणजे 30 टक्के, ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. उरलेले 84 हजार केंद्र आणि राज्य मिळून देणार. पाच हजारांवरच्या गावांना हाच दर माणशी 45 रुपये. त्यामुळे पाच हजारांच्या गावाला 3 लाख आणि सहा हजारांच्या गावाला 2 लाख 70 हजार, असा उलटा हिशेबही निघतो. छोट्या गावातल्या सांडपाण्याला मात्र माणशी 280 रुपये आहेत.

कचऱ्याच्या या रकमेत पत्र्याची वर्गीकरण शेड, कंपोस्ट खताच्या एक-दोन नाडेप टाक्या आणि फार तर एखादी तीनचाकी सायकल बसते. पण ती सायकल रोज दारोदार फिरवायची कोणी आणि त्या माणसाला पैसे कुठून द्यायचे? मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुढची देखभाल ग्रामपंचायतीची. घरपट्टी जेमतेम वसूल होणाऱ्या गावात ही जबाबदारी पेलणं सोपं नाही. म्हणूनच बांधून झालेल्या शेडमध्ये नळाचे पाइप किंवा कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या दिसतात. याला गावकऱ्यांचा आळस म्हणणं अन्यायाचं आहे. निधीची रचनाच बांधकामाच्या बाजूने झुकलेली आहे. बांधलेल्या वस्तूचा फोटो अक्षांश-रेखांशासह अपलोड होतो, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, बिल निघतं. गावात कचरा झालाच नाही, तर त्याची नोंद करायला रकानाच नाही.

आणि खरं काम तर कचरा होऊ न देण्यातच आहे. सप्ताहाचा महाप्रसाद घ्या किंवा लग्नाची पंगत. महाराष्ट्रात थर्माकोल आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटवाट्यांवर मार्च 2018 पासून बंदी आहे. तरी चकचकीत अस्तराच्या पत्रावळ्या आणि द्रोण एका जेवणावळीत ढिगाने जमतात. ते अस्तर नाडेप टाकीत कुजत नाही आणि भंगारवालाही घेत नाही. शेवटी गावाबाहेर काडी लावली जाते. पूर्वी अनेक गावांत देवस्थानची भांडी कार्याला मिळायची. आज एखाद्या महिला बचत गटाला पाचशे माणसांची ताटं, वाट्या, पेले घेऊन दिले, तर तो गट ती भाड्याने देईल, धुऊन ठेवेल, चार पैसे मिळवेल. कचरा उचलण्याचा प्रश्नच उरणार नाही. हाही कचरा व्यवस्थापनाचाच प्रकल्प आहे आणि माझ्या मते शेडच्या आधी करावा असा आहे.

शहरांत याची सुरुवात झाली आहे. मे 2023 मध्ये देशभर आरआरआर (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रं उघडली गेली. जुने कपडे, पुस्तकं, खेळणी तिथे द्यायची आणि ज्याला हवी त्याने न्यायची. पण पैसा कष्ट करणाऱ्या हातांपर्यंत कसा पोचवावा हे पाहायचं तर पुण्याकडे पाहावं. 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. घरोघरचा कचरा सभासद गोळा करतात, घरं त्यांना दरमहा शुल्क देतात आणि भंगार विकून येणारी रक्कमही त्यांचीच. सार्वजनिक पैसा साधनं आणि व्यवस्थापनाला लागतो. करार टिकवण्यासाठी या कचरावेचकांना पुन्हा पुन्हा झगडावं लागलं, हेही सांगायला हवं. पण काम चालू राहिलं, कारण रोजच्या कष्टाला रोजची मिळकत जोडलेली होती.

गावांकडे मार्ग अगदीच नाही असं नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 पासूनच्या पाच वर्षांत ग्रामपंचायतींचा 60 टक्के निधी बंधित ठेवला: निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पाण्यासाठी. स्वच्छतेच्या वाट्यात घरगुती कचऱ्याचं व्यवस्थापन स्पष्टपणे धरलेलं आहे. उरलेला 40 टक्के अबंधित निधी गावाला जाणवणाऱ्या गरजेवर खर्चता येत होता. पगार आणि आस्थापना खर्चावर मात्र नाही. बचत गटाच्या भांड्यांसाठी असा अबंधित निधी मागायला हवा. कचरा गोळा करणाऱ्यांची मिळकत पुण्यासारखी घरोघरच्या शुल्कातून उभी करता येईल.

या खर्चाचा आराखडा ‘आमचा गाव, आमचा विकास’ या ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या उपक्रमात ठरतो आणि त्याला मंजुरी ग्रामसभा देते. मंजूर झालेली कामं आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. पुढच्या ग्रामसभेला जाण्याआधी आपल्या गावाचं ते पान उघडून बघा. कचऱ्यापुढे नुसती शेड लिहिलेली असेल, तर ती कोण चालवणार आणि त्याला काय मिळणार, हे सभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.