फ्रेंच व्याकरण आणि आपली दोन व्याकरणे

फ्रेंच शिकायचे तर आधी इंग्रजी पक्के हवे, अशी एक समजूत आपल्याकडे रुजली आहे. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी या भाषेच्या वाटेला सहसा जात नाही. मुंबई-पुण्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारे पुष्कळ असतात. बेळगाव-निपाणीकडचा विद्यार्थी मात्र ‘ते आपले काम नव्हे’ म्हणून मोकळा होतो. या समजुतीचे मूळ साधे आहे. बाजारात मिळणारी बहुतेक पुस्तके फ्रेंच व्याकरण इंग्रजीतून समजावतात. पण पहिल्या पायऱ्यांवर नेमकी इंग्रजीचीच मदत तोकडी पडते, आणि आपल्या तोंडी असलेली मराठी व कन्नड अधिक उपयोगी ठरतात. ते कसे, हे काही उदाहरणांवरून पाहू. (फ्रेंच उच्चार देवनागरीत जवळपासचेच लिहिता येतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

पहिली अडचण लिंगाची. फ्रेंचमध्ये प्रत्येक नाम पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी असते. पुल्लिंगी नामापूर्वी ‘ल’ आणि स्त्रीलिंगी नामापूर्वी ‘ला’ येतो. पुस्तक म्हणजे ‘ल लीव्र’, टेबल म्हणजे ‘ला ताब्ल’. निर्जीव टेबलाला ‘ती’ का म्हणावे, हा प्रश्न इंग्रजी भाषकाला पडतो. कन्नडमध्येही निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी असतात. पण काठी ‘ती’, दांडा ‘तो’ आणि लाकूड ‘ते’ असे म्हणत वाढलेल्या मराठी मुलाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. मात्र मराठीतले लिंग फ्रेंचमध्ये जसेच्या तसे नेता येत नाही. आपला चंद्र ‘तो’, तर त्यांची ‘ल्यून’ स्त्रीलिंगी. लिंग ओळखण्यास शब्दाचा शेवट पुष्कळदा मदत करतो. आपल्याकडे आकारान्त आंबा, घोडा पुल्लिंगी आणि ईकारान्त काठी, खुर्ची स्त्रीलिंगी. तरी शाळा आणि पाणी हे अपवाद आहेतच. फ्रेंचमध्येही ‘नास्यों’सारखे ‘-स्यों’ने संपणारे शब्द बहुधा स्त्रीलिंगी, आणि ‘गुव्हेर्नमाँ’सारखे ‘-माँ’ने संपणारे बहुधा पुल्लिंगी असतात.

दुसरी गोष्ट विशेषणाची. कन्नडमध्ये ‘चिक्क हुडुग’ आणि ‘चिक्क हुडुगि’ यांत विशेषण बदलत नाही. मराठीत ‘छोटा मुलगा’ आणि ‘छोटी मुलगी’ असा बदल होतो. फ्रेंच येथे मराठीच्या बाजूची आहे : ‘पती गार्सों’, पण ‘पतीत फीय’. पुल्लिंगी रूपात शेवटचा ‘त’ लिहितात, पण उच्चारत नाहीत; स्त्रीलिंगी रूपात तो ऐकू येतो. न उच्चारता लिहिण्याच्या या पद्धतीला हसण्यापूर्वी १९६२ च्या लेखननियमांपूर्वीची मराठी पुस्तके उघडावीत. ‘नांव’, ‘कांहीं’ यांवरचे अनुस्वार असेच न उच्चारता लिहिले जात.

क्रियापदाकडे वळल्यावर मात्र कन्नडचा आधार मिळतो. मराठीत मुलगा ‘मी जातो’ म्हणतो आणि मुलगी ‘मी जाते’. कन्नडमध्ये दोघेही ‘नानु होगुत्तेने’ म्हणतात. फ्रेंचमध्येही दोघांचे ‘झ व्हे’ एकच.

भूतकाळात पारडे पुन्हा मराठीकडे झुकते. ‘त्याने चिठ्ठी लिहिली’, ‘त्याने निबंध लिहिला’. येथे लिहिणारा तोच असून क्रियापद कर्माप्रमाणे बदलले. कन्नडमध्ये ते कर्त्याप्रमाणे चालते : ‘अवनु बरेदनु’, ‘अवळु बरेदळु’. फ्रेंचमध्ये ‘मी चिठ्ठी लिहिली’ याला ‘झे एक्री ला लेत्र’ म्हणतात. पण ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना चिठ्ठी आधी येते, आणि ‘ला लेत्र क झे एक्रीत’ असे होते. कर्म आधी आले, की धातुसाधित रूपाने त्याचे लिंग-वचन घ्यायचे, असा हा नियम. फ्रेंच मुलांनाही तो कष्टाने शिकावा लागतो. आपला कर्मणि प्रयोग ज्याला समजला, त्याला त्यामागचे तत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

आदरार्थी बोलण्याचेही तसेच. ‘त्यू’ आणि ‘व्हू’ यांतला फरक तू-तुम्ही किंवा नीनु-नीवु जाणणाऱ्याला लगेच कळतो. आकड्यांत ऐंशीला ‘कात्र-व्हँ’, म्हणजे चार विसा म्हणतात. आपल्या आजोबांच्या पिढीला या हिशेबात काही विचित्र वाटले नसते.

ही वाट उलट बाजूनेही कोणी चालून गेले आहे. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने मराठी भाषेच्या घडणीवर लिहिलेला फ्रेंच ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. मराठी व्याकरण पॅरिसमध्ये अभ्यासाचा विषय होऊ शकते, तर ते आपल्या अभ्यासाचे साधन का होऊ नये?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी एक सोपी युक्ती आहे. वहीचे पान खतावणीसारखे आखावे. एका बाजूला ‘ल’चे खाते, दुसऱ्या बाजूला ‘ला’चे. नवा शब्द भेटला, की त्याच दिवशी योग्य खात्यात नोंदवावा. लिंगाशिवाय एकही शब्द वहीत घेऊ नये. प्रत्येक नियमासमोर एक मराठी आणि एक कन्नड वाक्य लिहावे. कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही, हे पाहता पाहता नियम लक्षात राहतो.

फ्रेंचला मेहनत लागतेच. उच्चारासाठी तर शिक्षक हवाच. पण आरंभी आपण रिकाम्या हाताने जात नाही. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कानांवर दोन कुळांतल्या दोन भाषा लहानपणापासून पडतात. त्यांतली कोणती मोठी, या वादात आपला पुष्कळ वेळ जातो. तिसरी भाषा शिकायला बसले, की दोन्हींची गरज पडते, आणि एकीने अडवले तेथे दुसरी वाट दाखवते.