टोकांचें साधर्म्य : १९४२ मधील एक उदाहरण

उल्हासनगरांत 'कॅम्प ४' हें जें नांव चालतें, तें दुसऱ्या महायुद्धांत कल्याणनजीक उभारलेल्या लष्करी छावणीची खूण होय. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस ह्याच छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. आम्ही येथेंच वास्तव्य करितों. राजकारणांतील डावें व उजवें टोक घोड्याच्या नालाच्या टोकांप्रमाणें एकमेकांजवळ येतात, असें मत हल्लीं पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतें. तें युद्धकाळच्या एका उदाहरणावर घासून पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस काँग्रेसनें 'चलेजाव'चा ठराव केला. कम्युनिस्ट पक्ष व हिंदुमहासभा हे दोघेही त्या चळवळीपासून दूर राहिले, आणि युद्धप्रयत्नांस दोघांनींही साह्य केलें. येथवर साम्य निर्विवाद आहे.

परंतु कारणें पाहूं जातां चित्र पालटतें. कम्युनिस्ट आरंभीं ह्या युद्धास साम्राज्यशाहीचें युद्ध म्हणत होते. २२ जून १९४१ रोजीं जर्मनीनें रशियावर स्वारी केली व त्या वर्षाच्या अखेरीस त्यांच्या लेखीं तेंच 'लोकयुद्ध' झालें. उलट, हिंदूंनीं सैन्यांत शिरून शस्त्रविद्या हस्तगत करावी, हें सावरकरांचें प्रतिपादन रशियावरील स्वारीच्या आधींपासूनचें होतें. शिवाय सप्टेंबर १९४२ मध्यें कम्युनिस्टांनीं फुटून निघण्याच्या मुभेसह स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला. महासभेचा आग्रह अखंड हिंदुस्थानाचा. ज्या प्रश्नाच्या निकालामुळें आमच्या शेजाऱ्यांचीं घरें सुटलीं, त्याच प्रश्नावर हे दोन पक्ष परस्परविरुद्ध उभे होते. त्यांस 'एकच' म्हणणें म्हणजे त्या लोकांच्या आयुष्यांतील मुख्य गोष्ट पुसून टाकणें होय.

शिंगें आहेत म्हणून ही गायच, हें अनुमान नैयायिक सदोष ठरवितात. कारण शिंगें म्हशीसही असतात. प्रस्तुत हेतुही तसाच अनैकांतिक आहे. चक्रवर्ती राजगोपालाचारी कोणत्याही टोकाचे नव्हते; तरी मतभेदामुळें ते १९४२ मध्येंच काँग्रेसबाहेर पडले व 'चलेजाव'पासून अलिप्त राहिले. पुढें ८ ऑगस्ट १९४९ रोजीं, म्हणजे त्या ठरावास बरोबर सात वर्षें होतांना, गव्हर्नर-जनरल ह्या नात्यानें उल्हासनगरची कोनशिला त्यांनींच बसविली. तेव्हां चळवळीबाहेर राहणें हें टोकांचें लक्षण ठरत नाहीं.

मग साम्य मुळींच नाहीं काय? आहे. लोकभावनेच्या लाटेपेक्षां स्वतःच्या सिद्धान्तास अधिक मान देणें, हें दोघांतही दिसतें. पण तें स्वभावाचें साम्य झालें, ध्येयाचें नव्हे.

पोथ्यांच्या अभ्यासकांस हा विवेक नवा नाहीं. दोन पोथ्यांत एकच शुद्ध पाठ आढळला, एवढ्यावरून एकीवरून दुसरी उतरली असें आपण म्हणत नाहीं. दोहोंत एकच विशिष्ट चूक सांपडली, तरच तशी शंका घेतों. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, त्या काळचीं पत्रकें हातीं आल्यास तीं पक्षवार गठ्ठ्यांत न बांधतां तारीखवार लावावीं. जून १९४१ पूर्वींचें पत्रक व त्यानंतरचें पत्रक शेजारीं ठेविलें, म्हणजे कोण वळलें व कोण जागचें हललें नाहीं, तें कागदच सांगतील.