दस्तक नसलेले जहाज : आंग्र्यांच्या आरमाराची कमाई आणि जोखीम

सागाचे मोल जव्हार-मोखाड्याच्या सुतारांना आणि लाकूड व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. उत्तम लाकूड, कुशल हात आणि भरपूर वेळ लागला की एक जहाज उभे राहते. लढाई तोंडावर असताना एवढी सवड कोणाला? म्हणूनच शत्रूचे आयते जहाज पकडून ते आपल्या आरमारात घेण्याची रीत पडली. कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांनी नेमके हेच केले.

याचे मूळ दस्तकात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी 'कार्ताझ' नावाचा परवाना सुरू केला. तो नसलेले जहाज ते जप्त करीत. पुढे कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांनी आपले दस्तक चालू केले. पैसे भरून दस्तक घेतले की वाट मोकळी, न घेतल्यास जहाज मालासह जप्त. ईस्ट इंडिया कंपनीला हे मान्य नव्हते. तिच्या निशाणाखाली खाजगी व्यापाऱ्यांचा मालही जात असे आणि भांडणाची गाठ तिथेच होती.

पकडलेल्या जहाजाचा उपयोग दुहेरी होता. जहाज चांगले असले तर ते आरमारात दाखल होई. शिवाय त्यावरचा दारूगोळा आणि साहित्य हाती येई. १७३५ च्या डिसेंबरात संभाजी आंग्रे यांनी कंपनीचे 'डर्बी' जहाज पकडले. त्यावरील खजिना आणि जहाजी सामान त्यांच्या आरमाराला मिळाले. आंग्र्यांची स्वतःची गलबते साधारण ७० टनांच्या आतली, वल्ह्यांवर चालणारी. गुराबा १५० ते ३०० टनांच्या. अशा आरमारात कंपनीचे तयार लढाऊ जहाज येणे म्हणजे मोठीच भर.

१७४९ मध्ये तुळाजी आंग्रे यांनी कंपनीचे 'रिस्टोरेशन' जहाज घेतले. आंग्र्यांवर पाळत ठेवण्यासाठी सज्ज केलेले हे जहाज आता आंग्र्यांच्याच आरमारात आले.

हिशोबाची दुसरी बाजू फेब्रुवारी १७५६ मध्ये दिसली. पेशव्यांशी संधान बांधून वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. १२ तारखेला एक तोफगोळा नेमका 'रिस्टोरेशन'वर पडला. जहाजाने पेट घेतला, आग शेजारच्या जहाजांवर गेली आणि आरमार जळाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

व्यापारीबांधवांसाठी यात दोन गोष्टी आहेत. दस्तकाचा खर्च वाचवताना सारे जहाज पणाला लागते, हे मालकाने आधी ताडून पाहावे. आणि कितीही कमाई झाली, तरी सगळा माल एकाच गोदामात ठेवू नये.