महाराष्ट्राचा पहिला मतदारसंघ : अक्कलकुवा

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांच्या यादीत पहिला क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्याचा आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे दोन तालुके सामावणारा हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव असून त्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. अक्कलकुवा गाव सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावर आहे. तेथून मोलगीकडे जाताना देवगोई घाट चढावा लागतो आणि पुढे भिल्ल व पावरा समाजांचे पाडे, म्हणजे ज्याच्या त्याच्या शेतात, टेकडीटेकडीवर विखुरलेल्या घरांच्या वस्त्या, सुरू होतात.

राज्यातील पहिले मतदान केंद्र याच मतदारसंघात, नर्मदाकाठच्या मणिबेली येथे आहे. सरदार सरोवराच्या जलाशयाने बाधित झालेल्या महाराष्ट्रातील ३३ गावांपैकी हे एक असून, विस्थापनाविरुद्धच्या आंदोलनामुळे १९९० च्या दशकात त्याचे नाव जगभर पोहोचले. धरणाची उंची २०१७ मध्ये १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण झाली. ज्या काठावर एकेकाळी शेती होती तेथे आता पाणी आहे आणि त्याच पाण्यावरून बोटीने मतदान यंत्रे व कर्मचारी या भागातील केंद्रांवर नेले जातात.

मतदारसंघाच्या सध्याच्या सीमा परिसीमनाने, म्हणजे जनगणनेच्या आधारे त्या नव्याने आखण्याच्या प्रक्रियेने, ठरल्या असून २००१ च्या लोकसंख्येवर आधारलेली ही रचना २००८ मध्ये लागू झाली. भूरचना व दळणवळण यांचाही विचार व्हावा असे कायदा सांगतो, तरी मुख्य माप डोक्यांचेच राहते. त्यामुळे मुंबईच्या आमदाराला चालत फिरता येईल एवढ्या जागेत जितके लोक राहतात, साधारण तितक्यांसाठी येथील आमदाराला दोन डोंगरी तालुके पालथे घालावे लागतात. के. सी. पाडवी यांनी १९९० पासून, आधी अक्राणी व पुनर्रचनेनंतर अक्कलकुवा या नावाने, या भागाचे सलग सात वेळा विधानसभेत प्रतिनिधित्व केले. २०१९ मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार मतांनी हरवलेल्या आमश्या पाडवी यांनी २०२४ मध्ये त्यांचा तीन हजारांहून कमी मतांनी पराभव केला.

इतक्या अटीतटीच्या लढतीत गावाबाहेर असलेल्या मतदाराचे मोल फार मोठे ठरते. दिवाळीच्या सुमारास येथील कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात आणि विधानसभेचे मतदानही अलीकडे ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्येच येते. येथील काठी गावच्या राजवाडी होळीसाठी मजूर आपणहून गावी परततात, रात्रभर ढोलावर नाचतात, कमरेला घुंगरू व वाळके दुधी बांधतात. मतदानासाठी मात्र ऐन हंगामात मजुरी बुडवून यावे लागते. परदेशस्थ नागरिकाचीही स्थिती वेगळी नाही. रियाधमध्ये राहणाऱ्या भारतीय पारपत्रधारकाला २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार पारपत्रावरील गावच्या यादीत नाव नोंदवता येते, पण मत द्यायला त्याने स्वतः केंद्रावर हजर राहिले पाहिजे.

देशांतर्गत स्थलांतरितांना कामाच्या ठिकाणाहून मत देता यावे यासाठी निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदान यंत्र राजकीय पक्षांपुढे मांडले होते. अशी सोय कधी प्रत्यक्षात आली, तर तिचा पहिला वापर दक्षिण गुजरातेतील उसाच्या फडांवर, अक्कलकुवा–धडगावच्या मजुरांसाठी व्हायला हवा.