रंगांकित इंधन

रंगांकित इंधन : विशिष्ट उपयोगासाठी करसवलतीने अथवा अर्थसाहाय्याने स्वस्त दरात पुरविलेले व अन्य उपयोगासाठी वापरल्यास ओळखता यावे म्हणून रंग किंवा रासायनिक चिन्हक मिसळलेले खनिज इंधन. शेती, मासेमारी, घरगुती स्वयंपाक व दिवाबत्ती यांसारख्या उपयोगांवर शासन सामान्यतः कमी कर आकारते. रस्त्यावरील वाहनांच्या इंधनावर मात्र अधिक कर असतो. दोन्ही इंधने गुणधर्मांनी जवळजवळ सारखी असल्याने स्वस्त इंधन महागड्याच्या जागी वापरण्याचा मोह निर्माण होतो. या गैरवापरास आळा घालणे हा रंगांकनाचा हेतू होय. भारतात डीझेलाचे असे रंगांकन होत नाही. येथे ही भूमिका निळ्या रंगाच्या शिधावाटप केरोसिनाने (रॉकेलाने) बजावली. त्याच्या गैरवापराचे सर्वांत दारुण पर्यवसान २०११ मध्ये नासिक जिल्ह्यातील मनमाडजवळ घडून आले.

परदेशांतील पद्धती : ब्रिटनमध्ये कृषी व अन्य मान्य उपयोगांसाठीचे सवलतीचे डीझेल तांबडे, तर आयर्लंडमध्ये हिरवे असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रस्त्याबाहेरील वापरासाठीच्या करमुक्त डीझेलात तांबडा रंग मिसळतात. तेथे १९९३ च्या कायद्यान्वये ही व्यवस्था १९९४ पासून अंमलात आली. असे डीझेल रस्त्यावरील वाहनाच्या टाकीत आढळल्यास गॅलनमागे १० डॉलर किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा दंड होतो. यूरोपीय संघाने २००२ पासून एक समान चिन्हक स्वीकारले. ब्रिटनने १ एप्रिल २०२२ पासून बांधकामासह अनेक व्यवसायांची सवलत काढून घेतली. शेती, मासेमारी इ. थोड्याच क्षेत्रांसाठी ती चालू ठेवली.

तथापि रंग हा तेलात विरघळलेला पदार्थ असल्याने तो वेगळा काढता येतो. सक्रियित कोळसा अथवा विशिष्ट माती यांवर त्याचे अधिशोषण होते, तसेच अम्लांच्या साहाय्याने त्याचा नाश करता येतो. उत्तर आयर्लंड व आयर्लंडचे प्रजासत्ताक यांच्या सीमेलगत असे ‘तेल धुण्याचे’ चोरटे कारखाने अनेक वर्षे चालत असत व त्यांतील आम्लयुक्त गाळ रस्त्यांच्या कडेला आणि शेतांत टाकला जाई. त्यावर उपाय म्हणून दोन्ही देशांनी २०१५ मध्ये सहजासहजी काढता न येणारे नवे चिन्हक वापरात आणले.

भारतातील स्थिती : भारतात ट्रॅक्टरसाठी व मालमोटारीसाठी एकाच दराचे डीझेल एकाच पंपावर मिळते. नासिक परिसरातील द्राक्षबागाईतदाराचा फवारणी-ट्रॅक्टर आणि मुंबई-आग्रा महामार्गावरील ट्रक यांच्या इंधनात कराच्या दृष्टीने काहीही भेद नाही. जेथे सवलत द्यावयाची असते, तेथे रंगाऐवजी परताव्याचा मार्ग अनुसरला जातो, उदा., महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी नौकांच्या डीझेलावरील विक्रीकराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत दिला जातो.

केरोसिनाची गोष्ट वेगळी होती. ते गरिबांच्या चुलीचे व दिव्याचे इंधन असल्याने शिधापत्रिकेवर रास्त भावाच्या व परवानाधारक दुकानांतून अत्यल्प दराने दिले जाई. १९९३ मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना खुल्या बाजारात केरोसीन विकण्याची मुभा मिळाली. त्यामुळे एकाच पदार्थाचे दोन भाव झाले : खुल्या बाजारातील पांढरे केरोसीन महाग व शिधावाटपातील निळे केरोसीन स्वस्त. त्याच वर्षीच्या केंद्रीय आदेशान्वये शिधावाटपाच्या केरोसिनाचा उपयोग स्वयंपाक व दिवाबत्ती यांपुरता मर्यादित करण्यात आला. वाहनात ते वापरणे अथवा वाहनाच्या इंधनात मिसळणे हा जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली गुन्हा आहे व त्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पेट्रोल व डीझेल यांतील भेसळीसंबंधी २००५ मध्ये स्वतंत्र नियंत्रण आदेश निघाला.

भेसळीचे अर्थकारण : २०११ च्या प्रारंभी दिल्लीत शिधावाटपाच्या केरोसिनाचा दर लिटरला सु. १२ रु., डीझेलाचा सु. ३८ रु. व पेट्रोलाचा सु. ५८ रु. होता. म्हणजे केरोसीन व डीझेल यांतील तफावत लिटरमागे सु. २६ रु. होती. बारा हजार लिटरच्या टँकरमधील दोन हजार लिटर डीझेल काढून तेथे केरोसीन भरल्यास एका फेरीत सु. ५२,००० रु. सुटत. ही रक्कम केरोसीन पळविणारा दुकानदार अथवा घाऊक विक्रेता, टँकरचालक, साठेबाज व पंपचालक यांच्यात वाटली जाई. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने २००५ मध्ये केलेल्या पाहणीत शिधावाटपाचे सु. ३८ टक्के केरोसीन अन्यत्र वळविले जात असल्याचा अंदाज वर्तविला होता. या गळतीचा पहिला फटका शिधापत्रिकाधारकास बसे. कागदोपत्री त्याच्या नावे उचललेले केरोसीन त्याच्या डब्यात न पडता महामार्गावर जळत असे व त्याला ‘कोटा संपला’ एवढेच उत्तर मिळे.

एंजिनावर व हवेवर होणारे परिणाम : केरोसीन डीझेलापेक्षा हलके व पातळ असते. डीझेल एंजिनातील अंतःक्षेपण पंपाच्या भागांना इंधनाचेच वंगण मिळते. केरोसिनाची वंगणक्षमता कमी असल्याने पंप व अंतःक्षेपक यांची झीज वाढते. जुन्या, साध्या बनावटीच्या एंजिनांना हे मिश्रण काही काळ मानवत असे. ग्रामीण भागातील प्रवासी जीपगाड्यांत ते सर्रास वापरले जाण्याचे कारण हेच होय. पेट्रोल एंजिनात केरोसीन मिसळल्यास ऑक्टेन अंक घटतो, एंजिनात ठोके बसू लागतात, इंधन पूर्णपणे जळत नाही व धूर वाढतो.

अर्वाचीन वाहनांत याहून गंभीर परिणाम गंधकामुळे होतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकानुसार डीझेलातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांपेक्षा अधिक असता कामा नये. केरोसिनाच्या भारतीय मानकात ते ०·२५ टक्क्यापर्यंत, म्हणजे दशलक्ष भागांत २,५०० भागांपर्यंत चालते. या कमाल मर्यादेचे केरोसीन केवळ दहा टक्के मिसळले, तरी मिश्रणातील गंधक सु. २५९ भाग, म्हणजे विहित मर्यादेच्या पंचवीस पटींहून अधिक होते. त्यामुळे धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक निकामी होतो. दुरुस्तीचा भुर्दंड बहुधा अशा वाहनमालकास पडतो, की ज्याने पंपावर पूर्ण दर मोजलेला असतो व ज्याला भेसळीची कल्पनाही नसते.

भेसळीची ओळख : पंपावर नेहमी केली जाणारी चाचणी घनतेची होय. इंधनाचा नमुना पात्रात घेऊन तरकाट्याने (द्रवाची घनता मोजण्याच्या साधनाने) घनता मोजतात व तक्त्याच्या आधारे ती १५° से. तापमानास लागू करतात. टँकरबरोबर आलेल्या चलनातील घनतेशी तुलना करता ३ किग्रॅ./घ.मी. पेक्षा अधिक फरक आढळल्यास नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. ही चाचणी करून दाखविण्याची मागणी ग्राहकासही करता येते. परंतु तिला मर्यादा आहेत. डीझेलाची घनता ८३० व केरोसिनाची ८०० किग्रॅ./घ.मी. धरल्यास दहा टक्के केरोसीन मिसळूनही मिश्रणाची घनता ८२७ भरते, म्हणजे फरक अनुज्ञेय मर्यादेतच राहतो. अल्प प्रमाणातील भेसळ तरकाट्याच्या नजरेतून निसटते, ती यामुळेच.

रंगाची चाचणीही पुरेशी ठरत नाही. थोडे निळे केरोसीन पिवळसर डीझेलात मिसळल्यास रंगछटा किंचितच बदलते व अधिशोषणाने रंग आधीच काढून टाकल्यास तोही पुरावा उरत नाही. म्हणून १ ऑक्टोबर २००६ पासून केरोसिनात डोळ्यांना न दिसणारे एक रासायनिक चिन्हक मिसळण्यास देशभर प्रारंभ झाला. पेट्रोल वा डीझेलाच्या नमुन्यात हे चिन्हक आढळल्यास भेसळ सिद्ध होई. तथापि चिन्हकाच्या विश्वसनीयतेविषयी प्रश्न उपस्थित होऊन २००९ च्या प्रारंभी हा प्रयोग थांबविण्यात आला. त्यानंतर भेसळ शोधण्याची जबाबदारी पुन्हा प्रामुख्याने तपासणी करणाऱ्या माणसांवर येऊन पडली.

मनमाड येथील घटना : मनमाड हे नासिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यातील रेल्वे प्रस्थानक. मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघणारी खनिज तेल उत्पादनांची नलिका येथे येते व पुढे इंदूर व दिल्लीच्या दिशेने जाते. मनमाडजवळच्या पानेवाडी परिसरात तेल कंपन्यांची मोठी कोठारे आहेत. उत्तर महाराष्ट्र व मराठवाडा यांकडे जाणारे टँकर येथे भरले जातात. कोठार ते पंप या वाटेवर आडबाजूस टँकर उभा करून त्यातील माल काढणे व त्यात दुसरा भरणे हा चोरट्या धंद्याचा भाग बनला होता.

मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे हे २५ जानेवारी २०११ रोजी शासकीय कामासाठी या रस्त्याने जात असताना त्यांना एका ढाब्यामागे संशयास्पद रीतीने उभे असलेले टँकर दिसले. तेथे थांबून त्यांनी भ्रमणध्वनीवर त्याचे चित्रण सुरू केले. त्या वेळी त्यांच्यावर हल्ला झाला व भर दिवसा त्यांना जिवंत जाळण्यात आले. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी घडलेल्या या हत्येने राज्य हादरले. २७ जानेवारी रोजी राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांनी निषेधार्थ काम बंद ठेवले व भेसळखोरांच्या अड्ड्यांवर राज्यभर छापे घालण्यात आले. घटनेत स्वतः भाजलेला प्रमुख आरोपी काही दिवसांतच मरण पावला. तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आला.

अशा प्रकारची ही पहिली घटना नव्हती. इंडियन ऑइल कंपनीचे विक्री अधिकारी एस्. मंजुनाथ यांनी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात भेसळीच्या कारणावरून पंपावर कारवाई केली होती. १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. दोन्ही घटनांत तपासणी करणारा अधिकारी एकाकी होता. काही रुपयांच्या दरफरकातून उभा राहिलेला धंदा रंग, चिन्हक व कायदा यांना पुरून उरला आणि त्याला रोखण्याचा भार अखेर एकेका व्यक्तीच्या जीवावर बेतला.

उपाययोजना व फलित : टँकरना छेडछाड न करता येणारी कुलपे व स्थाननिश्चितीची उपकरणे बसविणे, पंपांवरील नमुन्यांची अचानक तपासणी करणे यांसारखे उपाय योजण्यात आले. महाराष्ट्रात धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करण्यासंबंधीच्या १९८१ च्या अधिनियमाच्या कक्षेत पुढे जीवनावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणाऱ्यांचाही समावेश करण्यात आला.

परंतु निर्णायक बदल झाला तो किंमतींच्या बाबतीत. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे व वाढत्या विद्युतीकरणामुळे केरोसिनाची मागणी घटली. त्याच वर्षापासून शिधावाटपाच्या केरोसिनाचा दर टप्प्याटप्प्याने पंचवीस-पंचवीस पैशांनी वाढविण्यात आला आणि मार्च २०२० पासून त्यावरील दराचे अर्थसाहाय्य संपुष्टात आले. राज्यांचा कोटाही सतत कमी होत गेला. ज्या तफावतीवर धंदा पोसला जात होता, तीच आटल्याने निळ्या केरोसिनाची भेसळ मोठ्या प्रमाणावर ओसरली. याची दुसरी बाजू अशी, की गॅसचा सिलिंडर पुन्हा भरणे ज्यांना परवडत नाही अशा कुटुंबांचा स्वस्त पर्यायही त्याबरोबर नाहीसा झाला.

दरफरक असेल तेथे इंधन वाट बदलते, हे कायदेशीर व्यवहारातही दिसून येते. जानेवारी २०१३ मध्ये घाऊक ग्राहकांसाठी डीझेलाचा दर किरकोळ दराहून बराच अधिक ठरविण्यात आला, तेव्हा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या गाड्या आगारातील पंप सोडून किरकोळ पंपांवर डीझेल भरू लागल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डीझेलाचे दर नियंत्रणमुक्त झाल्यावर ही तफावत त्या काळापुरती नाहीशी झाली. औद्योगिक विद्रावके व ‘बायोडीझेल’ या नावाखाली विकली जाणारी अनधिकृत मिश्रणे यांच्यावर कर व दर यांचा भार डीझेलापेक्षा कमी असल्याने भेसळीचा प्रश्न मात्र पूर्णपणे सुटलेला नाही. रंग वा चिन्हक गुन्हा उघडकीस आणण्यास साहाय्य करते. गुन्ह्याचे कारण दूर करणे हे करधोरणाचे व वितरणव्यवस्थेचे काम होय.