मारुती ८०० ची आठवण आणि आपला धंदा

एखाद्या वस्तूविषयी लोकांच्या मनात ओढ निर्माण झाली की आज ना उद्या तिचा बाजार उभा राहतो. जुन्या घड्याळांचे तसे झाले, ग्रामोफोनचे तसे झाले, सागवानी कपाटांचेही झाले. आता ऐंशीच्या दशकातील छोट्या, साध्या मोटारींची पाळी आलेली दिसते. ज्या मारुती ८०० ला लोक एके काळी ‘काडेपेटी’ म्हणून हसत, तीच गाडी आता मूळ रंगात आणि मूळ सीटसह शोधणारे ग्राहक गॅरेजवाल्यांकडे विचारणा करू लागले आहेत. आपल्या वाचकांत मिस्त्री, डेंटर, पेंटर, सीट शिवणारे, सुट्या भागांचे दुकानदार आणि भंगाराचे व्यापारी असे अनेक जण आहेत. म्हणून या ओढीमागचे कारण काय आणि तिच्यात आपल्या रोजीचा वाटा किती, हे येथे उलगडून सांगण्याचा आमचा विचार आहे.

आधी काय होते

१९८३ पूर्वी सामान्य ग्राहकापुढे मुख्यतः दोनच मोटारी होत्या. उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अ‍ॅम्बॅसडर आणि आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले. दोन्हींचे मूळ आराखडे परदेशातील जुने होते. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गाडी मिळाली तरी सारखे काम निघे. म्हणूनच प्रत्येक मोहल्ल्यात एखादा फियाटचा उस्ताद असे आणि त्याच्या हाताखाली चार शागीर्द तयार होत. अवजड पत्रा, मागच्या चाकांना चाल देणारा लांब शाफ्ट, फियाटचा स्टिअरिंगजवळचा गिअर, हे सारे त्या काळच्या कारागिराला तोंडपाठ होते.

गाडी आली कशी

मारुती उद्योग ही सरकारी कंपनी फेब्रुवारी १९८१ मध्ये स्थापन झाली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीशी तिचा करार झाला. सुझुकीने १९७९ मध्ये जपानात ‘अल्टो’ नावाची छोटी गाडी ४ लाख ७० हजार येन या किमतीला बाजारात आणली होती. ती एवढी स्वस्त कशी, हे व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. तिकडे प्रवासी मोटारीवर वस्तुकर होता, मालवाहू गाडीवर तो नव्हता. सुझुकीने ही गाडी मालवाहू वर्गात बसवली, नको ते सर्व सामान काढून टाकले आणि देशभर एकच किंमत ठेवली. लहान दुकानदाराला सकाळी माल आणि संध्याकाळी कुटुंब नेता येईल, अशी ती गाडी होती.

त्याच घराण्यातील गाडी, पण ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन बसवलेली, गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडली. १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीचे हरपाल सिंग यांच्या हाती दिली. ते इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते आणि सोडतीत त्यांचा नंबर लागला होता. किंमत सुमारे ४७,५०० रुपये होती. दहा हजार रुपये भरून नाव नोंदवणाऱ्यांची संख्या लाखाच्या वर गेली होती. नंबर लागलेल्या गाडीवर ‘ऑन’ घेऊन ती दुसऱ्याला देण्याचा धंदाही त्या वर्षांत जोरात चालला, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

साधेपणा म्हणजे नेमके काय

हॅचबॅक म्हणजे अशी गाडी की जिला मागे वेगळी डिकी नसते. मागचा दरवाजा वर उघडतो आणि बसण्याची व सामानाची जागा एकाच छताखाली असते. सीटची पाठ पुढे पाडली की कापडाचे तागे, चपलांचे खोके किंवा शिवणयंत्र सहज आत जाते. टेम्पो परवडत नाही आणि स्कूटरवर माल मावत नाही, अशा मधल्या दुकानदाराची अडचण या गाडीने दूर केली.

तिचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास होते. बारा इंची चाके, चार गिअर, क्लचला तार, काच उतरवायला हाताने फिरवायची मूठ. पॉवर स्टिअरिंग नाही, संगणक नाही. इंजिन पुढे आडवे बसवलेले आणि चालही पुढच्याच चाकांना दिलेली. त्यामुळे लांब शाफ्ट गेला आणि आतली जागा वाढली. कार्बोरेटर, प्लग, डिस्ट्रिब्युटर, पंप असे सर्व काही बॉनेट उघडताच डोळ्यांसमोर दिसे. बिघाड झाला तर तो कोठे झाला हे कानाने आणि हाताने कळत असे. या गाडीविषयी आज जी ओढ वाटते, तिचे मूळ आमच्या मते येथे आहे. मालकाला आपली गाडी समजत होती आणि मिस्त्रीला ती पूर्णपणे उघडता येत होती.

कारागिरांवर झालेला परिणाम

या गाडीने आपल्या लोकांची रोजी घेतलीही आणि दिलीही. ती सहसा बंद पडत नसल्याने फियाटच्या उस्तादांचे रोजचे काम घटले. पातळ पत्र्यावर जुन्या पद्धतीने हातोडा चालेना. डेंटरला हात हलका करावा लागला. ज्यांनी नवे शिकण्यास नकार दिला ते मागे पडले. उलट ज्यांनी लवकर शिकून घेतले त्यांच्या दारात रांगा लागल्या, कारण पुढे गल्लोगल्ली हीच गाडी झाली. १९८६ मध्ये तिचे नवे रूप आले. २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली आणि दुरुस्तीसाठी तपासणी यंत्राची गरज भासू लागली. प्रदूषणाचे नवे नियम लागू झाल्यावर एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे आणि सोलापूरसह १३ शहरांत तिची विक्री थांबली. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादनच बंद झाले. तोपर्यंत देशात २६ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या.

आठवणीची दुसरी बाजू

जुने ते सर्व सोने, असे आम्ही म्हणणार नाही. हलका पत्रा पेट्रोल वाचवतो, पण धडकेत जीव वाचवत नाही. या गाडीत एअरबॅग नव्हती. तिचीच वारस असलेली अल्टो ८०० ही गाडी २०१४ साली परदेशी संस्थेच्या धडक चाचणीत तपासली गेली, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी तिला एकही तारा मिळाला नाही. जुन्या गाडीचा धूरही नव्या गाडीपेक्षा जास्त. तेव्हा हौशी ग्राहकाला गाडी तयार करून देताना सीटबेल्ट, ब्रेक आणि टायर यांत काटकसर करू नये. महामार्गावर वेगाने पळवण्याची ही गाडी नव्हे, हे त्याला स्पष्ट सांगावे. ग्राहकाचा विश्वास हेच आपले भांडवल आहे.

आजचा बाजार कसा आहे

या गाडीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंजिनचे भाग मिळणे फारसे अवघड नाही, कारण याच जातीचे इंजिन ओम्नी गाडीतही होते आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. अडचण येते ती बाहेरच्या आणि आतल्या भागांची. दरवाजाचे रबर, काचेची पट्टी, दिवे, डॅशबोर्ड, मूळ सीटचे कापड आणि नावाच्या पट्ट्या मिळता मिळत नाहीत. त्यातही १९८३ ते १९८६ मधील पहिल्या रूपाचे भाग सर्वांत दुर्मीळ, कारण पुढच्या गाडीचे बॉडीचे भाग तिला बसत नाहीत. म्हणून भंगाराच्या व्यापाऱ्याने पहिल्या रूपाची गाडी किलोच्या भावाने तोडण्याआधी दोनदा विचार करावा. रबराचे काम करणारे, सीट शिवणारे आणि क्रोमचा मुलामा देणारे यांनाही येथे काम आहे. हे काम थोडे असेल, पण चांगल्या मजुरीचे आहे.

मिस्त्रींनी पेट्रोलकडेही लक्ष द्यावे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. कार्बोरेटरच्या गाडीतील रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि पॅकिंग बदलून इथेनॉल सोसणारा माल बसवावा. नाहीतर गळती होऊन आगीचा धोका राहतो. उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल साठवू नये.

कायदा काय सांगतो

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. याचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये ठरवण्यात आले. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. गाडी परराज्यातील असेल तर ना हरकत दाखला हवा. इंजिन व चासीचे नंबर कागदांशी जुळल्याशिवाय गाडीला हात लावू नये. चोरीचा माल आपल्याकडे सापडला तर ‘माहीत नव्हते’ हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही.

गाडी मोडीत काढायची तर ती नोंदणीकृत केंद्रातच, असा नियम आता झाला आहे. कुर्ल्याच्या भंगारबाजारासारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करणाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. एकट्याला परवाना आणि जागा झेपणार नसेल, तर चौघांनी मिळून भागीदारीत केंद्र काढता येईल का, याचा विचार आजच करावा.

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या खाजगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद मिळू शकते. या हिशेबाने पहिल्या मारुती गाड्या २०३३ च्या अखेरीस त्या रांगेत येतील. म्हणजे जो आज नीट जपून ठेवलेली, कागदपत्रे साफ असलेली गाडी हाताशी ठेवील, त्याच्या मालाला पुढे भाव येण्याचा संभव आहे. मात्र कर्ज काढून अशा गाड्या साठवू नयेत. हौसेचा बाजार लहरी असतो.

पहिल्या गाडीचेच उदाहरण घ्या. हरपाल सिंग यांच्या निधनानंतर ती दिल्लीत घराबाहेर उघड्यावर गंजत उभी होती. पुढे कंपनीने तिला पूर्ववत केले आणि आज ती कंपनीच्या मुख्यालयात मानाने ठेवलेली आहे. तिला पुन्हा उभे करण्यासाठी पत्रा सरळ करणारा, रंग जुळवणारा आणि इंजिन उघडणारा हात लागलाच असेल. असे हात आपल्या वस्त्यांत अजून आहेत, पण त्यांचे वय झाले आहे. कार्बोरेटरचा आवाज ऐकून स्क्रू किती फिरवायचा हे सांगणारे उस्ताद आणखी दहा वर्षांनी किती राहतील? नव्या पोरांनी संगणकावरची दुरुस्ती जरूर शिकावी, काळाची गरज तीच आहे. त्याबरोबर आठवड्यातला एक दिवस या जुन्या उस्तादांकडे बसून हे कामही हातात घ्यावे. त्यासाठी दुकान लागत नाही, भांडवल लागत नाही. आणि हा हुन्नर एकदा गेला की पैसे मोजूनही तो बाजारात मिळणार नाही.