आपोआप फोकस करणारे कॅमेरे आणि त्यांचा सेल

फिल्मचा रोल घालून फोटो काढण्याची हौस गेली काही वर्षे तरुण मंडळींत पुन्हा दिसू लागली आहे. घरोघरची कपाटे उघडली जात आहेत आणि एके काळी लग्नकार्यात, मेंदीच्या रात्री मिरवलेले छोटे जपानी कॅमेरे बाहेर निघत आहेत. नातवंडे ते हाती घेतात आणि विचारतात, "याचा सेल किती दिवस टिकेल?" प्रश्न दिवसांचा नाही, हे त्यांना प्रथम सांगितले पाहिजे.

आपल्यापैकी पुष्कळांनी मुंबईस असताना आगफा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा वापरला असेल. १२० क्रमांकाचा रोल, बारा चौकोनी फोटो आणि बोटाने फिरवावयाची किल्ली. त्याचे सेलवाचून काहीच अडत नसे. १९७७ साली कोनिका कंपनीने सी-३५ एएफ हा कॅमेरा बाजारात आणला. मोठ्या प्रमाणावर तयार झालेला, आपोआप फोकस करणारा तो पहिला कॅमेरा होय. त्याला दोन पेन्सिल सेल लागत. फिल्म मात्र अजून अंगठ्यानेच सरकवावी लागे. १९७९ सालच्या कॅनन एएफ-३५ एम मध्ये ते कामही मोटारीकडे गेले. १९८५ मध्ये मिनोल्टा ७०००, १९८७ मध्ये ६ व्होल्टचा लिथियम सेल घेणारा कॅनन ईओएस ६५० आणि १९९१ मध्ये ३ व्होल्टच्या एकाच सेलवर चालणारा ऑलिंपसचा म्यू, अशी ही परंपरा वाढत गेली. सोय वाढली आणि त्याबरोबर परावलंबनही वाढले.

सामान्य समजूत अशी, की फोकस करणारी यंत्रणाच सेल खाते. छोट्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत ती खरी नव्हे. तेथे भिंग जेमतेम काही मिलिमीटर सरकते. खरा खादाड आहे तो फ्लॅश. शाळेतल्यासारखा हिशेब मांडून पाहू. समजा, फ्लॅशच्या कॅपॅसिटरची क्षमता १६० मायक्रोफॅरड आहे आणि तो ३०० व्होल्टपर्यंत भरला जातो. मग एका लखलखाटास सुमारे ७ ज्यूल ऊर्जा लागते. ३ व्होल्टचे ३०० व्होल्ट करताना निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरले, तर खर्च १४ ज्यूलच्या घरात जातो. सीआर १२३ ए या सेलमध्ये साधारण १६,००० ज्यूल असतात. म्हणजे कागदावर अकराशे फ्लॅश झाले! प्रत्यक्षात इतके कधीच मिळत नाहीत; मोटारीचा वाटा आहेच, शिवाय सेल पुरता रिकामा होण्यापूर्वीच कॅमेरा काम थांबवतो.

असे का व्हावे? जुन्या विहिरीचे उदाहरण घ्या. विहिरीत पाणी असते, पण झरा मंदावलेला असतो. एक घागर काढली की तळ दिसतो आणि थोडे थांबले की पुन्हा घागरभर पाणी साचते. म्हाताऱ्या सेलचे असेच असते. घड्याळ तो महिनोन्महिने चालवील. फ्लॅश भरताना किंवा रोल गुंडाळताना एकदम मोठा प्रवाह मागितला की त्याचा दाब कोसळतो. घटकाभर विश्रांती दिली की तोच सेल आणखी दोन फोटो काढू देतो आणि आपली फसगत होते.

खरा धोका येथेच आहे. या कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांना हाताने रोल गुंडाळण्याची सोय नाही. सेल मध्येच गेला की फिल्म आत अडकते आणि घाईने पाठीचे झाकण उघडले की लग्नातले चेहरे क्षणात प्रकाशात विरून जातात. ते फोटो पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून झाकण न उघडता आधी नवा सेल घालावा. तरीही मोटार हलली नाही, तर कॅमेरा फोटोवाल्याकडे न्यावा; काळ्या पिशवीत हात घालून तो रोल सोडवितो. काही कॅमेरे प्रथम सगळी फिल्म बाहेर ओढून घेतात व एकेक फोटो परत डबीत सरकवितात. ज्याच्या खिडकीत आकडा चढण्याऐवजी उतरत जातो, तो बहुधा या जातीचा समजावा. त्यात काढलेले फोटो डबीत सुरक्षित असतात.

बचतीचा उत्तम उपाय म्हणजे उजेडात फ्लॅश बंद ठेवणे. म्यूसारखे कॅमेरे झाकण मिटले की ही सूचना विसरतात, म्हणून दर वेळी बटण नव्याने दाबावे लागते. उगाच उघडझाप करू नये. अनेक कॅमेरे उघडताच फ्लॅश भरू लागतात. बेरशेबा-डिमोनाच्या उन्हाळ्यात बंद मोटारगाडीत कॅमेरा ठेवणे तर सेल आणि फिल्म दोघांनाही घातक. लिथियम सेल थंड जागी दहा वर्षे टिकतो, मात्र पाकिटावरचे साल पाहूनच घ्यावा. त्याच आकाराचे पुन्हा भरता येणारे काही सेल ४.२ व्होल्टपर्यंत चढतात. ते ३ व्होल्टच्या कॅमेऱ्यात घालू नयेत. पेन्सिल सेल असतील तर नवे-जुने मिसळू नयेत आणि कॅमेरा कपाटात ठेवताना ते काढून घ्यावेत. त्यांतून पाझरणारा क्षार तांब्याच्या पट्ट्या खातो. किंचित व्हिनेगर लावलेल्या कापसाने तो पुसता येतो.

चौकस मुलांना एक ताकीद द्यावी. सेल काढला तरी कॅपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात. स्क्रू काढून आत बोट घालू नये.

राहता राहिली फोटोच्या कोपऱ्यातील तारीख. तिला अनेकदा निराळा, बटणाएवढा सेल असतो. म्हणून तारीख चुकली तर मोठा सेल संपला असे समजू नये. आणि काही कॅमेऱ्यांचे पंचांग तर २०१९ सालीच संपले. त्यांत सेल कितीही ताजा घातला, तरी चालू साल उमटत नाही. तेथे तारीख बंदच ठेवावी आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहावी.